राष्ट्राध्यक्ष मतदार यादीत ठरतो

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक दर चार वर्षांनी नोव्हेंबर महिन्यात येते आणि आपल्याकडील वर्तमानपत्रे व वाहिन्या घरचेच लग्न असल्यासारखी धावपळ करू लागतात. कोण जिंकणार, व्हिसाचे काय होणार, शेअर बाजार चढणार की पडणार, यावर पानेच्या पाने भरतात. २०२४ साली डोनाल्ड ट्रम्प दुसऱ्यांदा निवडून आले तेव्हाही हेच झाले. परंतु ज्या प्रश्नाची सर्वांत आधी चर्चा व्हायला हवी, त्याला कोणी हात लावत नाही. हा राष्ट्राध्यक्ष निवडला कोणी? मत कोणाला देता आले, कोणाला देऊ दिले नाही आणि कोणी दिलेच नाही?

माझे मत स्पष्ट आहे. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष मतदानाच्या दिवशी ठरतो, हे अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे त्याच्या कितीतरी आधी, मतदार यादी बनवणाऱ्या कचेरीत ठरलेले असते. तेथील कृष्णवर्णीय समाजाला हे कळले तेव्हा त्याने इतिहास घडवला. इतरांनी त्याच कचेरीतून त्याचे मत काढून घेतले, तेव्हा तो पिढ्यानपिढ्या मागे फेकला गेला. मी कायद्याचा माणूस आहे, म्हणून हे पुराव्यानिशी मांडतो.

प्रथम त्यांची पद्धत समजून घेऊ. तेथे राष्ट्राध्यक्ष थेट जनतेच्या एकूण मतांवर निवडला जात नाही. राज्याराज्यांतून ५३८ निर्वाचक निवडले जातात आणि ज्याच्या मागे २७० निर्वाचक, तो राष्ट्राध्यक्ष. ५० पैकी ४८ राज्यांत ज्याला एक मत जास्त, त्याला त्या राज्याचे सगळेच्या सगळे निर्वाचक मिळतात. त्यामुळे १८२४, १८७६, १८८८, २००० आणि २०१६ अशा पाच निवडणुकांत देशभरात कमी मते मिळवणारा उमेदवार राष्ट्राध्यक्ष झाला. २०१६ साली हिलरी क्लिंटन यांना ट्रम्प यांच्यापेक्षा सुमारे २८ लाख मते जास्त होती, तरी त्या हरल्या. या पद्धतीच्या मुळाशी गुलामगिरीही आहे. मूळ संविधानात लोकसंख्या मोजताना एका गुलामाला माणसाचा तीन पंचमांश हिस्सा धरण्यात आले. गुलामाला मत नव्हते. पण त्याच्या डोक्यावर त्याच्या मालकाच्या राज्याला जास्त खासदार आणि जास्त निर्वाचक मिळत होते.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. आपल्याकडे निवडणूक आयोग ही एक घटनात्मक संस्था देशभर लोकसभा-विधानसभेच्या निवडणुका घेते. अमेरिकेत तसे नाही. तेथे निवडणूक राज्ये घेतात आणि प्रत्यक्ष काम जिल्ह्याजिल्ह्यातील अधिकारी करतात. पुष्कळ ठिकाणी हे अधिकारी स्वतःच कुठल्या ना कुठल्या पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेले असतात. म्हणजे मतदाराचे नाव लिहिणारा हातही पक्षाचा आणि ते खोडणारा हातही पक्षाचा. सारे रामायण येथूनच सुरू होते.

यादवी युद्धानंतर १८७० साली १५ वी घटनादुरुस्ती झाली. वंश, वर्ण किंवा पूर्वीची गुलामी या कारणावरून कोणाचा मताधिकार नाकारता येणार नाही, असे त्यात लिहिले गेले. काल साखळदंडात असलेले लोक मतदार झाले, आमदार झाले, सिनेटमध्येही बसले. मग १८७६ ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक आली. हेज आणि टिल्डन यांच्यात निकाल अडला. तडजोड होऊन १८५ विरुद्ध १८४ अशा एका निर्वाचकाच्या फरकाने हेज राष्ट्राध्यक्ष झाले आणि १८७७ मध्ये दक्षिणेत कृष्णवर्णीयांच्या रक्षणासाठी असलेली केंद्राची फौज हलवण्यात आली. राष्ट्राध्यक्षपदाचा सौदा झाला आणि त्याची किंमत मोजली ज्यांना सौद्यात कोणी विचारलेही नव्हते त्यांनी.

त्यानंतरचा डाव वकिलांनी मुद्दाम अभ्यासावा असा आहे. घटनेने ‘वर्ण’ या कारणाला बंदी घातली होती, म्हणून कायद्यात वर्ण हा शब्दच आणायचा नाही असे ठरले. मिसिसिपीने १८९० साली नवी राज्यघटना केली. मत द्यायचे तर कर भरा. वाचता आले पाहिजे, किंवा वाचून दाखवलेले कलम समजावून सांगता आले पाहिजे. समजले की नाही हे ठरवणार कोण? गोरा कारकून! लुइझियानाने १८९८ साली आणखी एक पाचर मारली. ज्याचा बाप किंवा आजोबा १८६७ पूर्वी मतदार होता, त्याला परीक्षा माफ. १८६७ पूर्वी कृष्णवर्णीयाचा आजोबा तेथे कोठून मतदार असणार? परिणाम आकड्यांत पाहा. लुइझियानात १८९६ साली १,३०,३३४ कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते. १९०४ साली उरले १,३४२. घटनादुरुस्तीचा एक शब्दही बदलला नव्हता. यादी तेवढी बदलली होती.

ही ‘आजोबांची अट’ अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ओक्लाहोमा राज्याच्या खटल्यात जून १९१५ मध्ये रद्द केली. त्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. पण अट गेली तरी कर राहिला, परीक्षा राहिली, आणि या दोहोंना न जुमानणाऱ्यासाठी दोर आणि बंदूक होतीच. आणखी पन्नास वर्षे हे असेच चालले.

ही पन्नास वर्षे कशी होती हे समजून घ्यायचे तर फॅनी लू हेमर या बाईंचे नाव आपल्या कार्यकर्त्यांना पाठ असले पाहिजे. मिसिसिपीत बटईने कापूस पिकवणाऱ्या कुटुंबातील वीस भावंडांपैकी हे शेंडेफळ. शिक्षण जेमतेम. कृष्णवर्णीयांनाही मतदार म्हणून नाव नोंदवता येते, हे त्यांना वयाच्या ४४ व्या वर्षी एका सभेत कळले. ३१ ऑगस्ट १९६२ रोजी त्या इतर सतरा जणांबरोबर जुन्या बसने इंडियानोला गावी नाव नोंदवायला गेल्या. कारकुनाने राज्यघटनेतील एक किचकट कलम काढून अर्थ विचारला. त्या नापास झाल्या. परतताना पोलिसांनी बस अडवून चालकाला दंड केला. गुन्हा काय, तर बसचा रंग जरा जास्तच पिवळा आहे! घरी पोहोचल्या तर मळ्याचा मालक उभा. अर्ज मागे घे, नाहीतर चालती हो. ज्या मळ्यावर १८ वर्षे राबल्या, तो त्यांनी त्याच रात्री सोडला. पुढे जानेवारी १९६३ मध्ये त्या परीक्षा पास झाल्या, तर मत देण्यासाठी कर भरल्याच्या पावत्या नाहीत म्हणून पुन्हा अडवल्या गेल्या. त्याच वर्षी जूनमध्ये विनोना येथील तुरुंगात त्यांना इतके मारले की मूत्रपिंडाची दुखापत जन्मभर राहिली.

पण बाई थांबल्या नाहीत. १९६४ हे राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीचे वर्ष. मिसिसिपीतील डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिकृत प्रतिनिधींत सगळे गोरेच होते. हेमर आणि सहकाऱ्यांनी स्वतःचा ‘मिसिसिपी फ्रीडम डेमोक्रॅटिक पक्ष’ काढला आणि अटलांटिक सिटीच्या अधिवेशनात जाऊन विचारले, आम्हाला मतच देऊ न देता निवडलेले हे लोक आमचे प्रतिनिधी कसे? त्यांची साक्ष दूरचित्रवाणीवरून सुरू असताना राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी घाईने पत्रकार परिषद घेतली. हेतू एकच, की कॅमेरे या बाईवरून हटावेत. ती साक्ष रात्रीच्या बातम्यांत दाखवली गेली आणि उलट देशभर पोहोचली. पक्षाने त्यांच्यापुढे दोन जागांचा तुकडा टाकला. त्यांनी तो नाकारला. आपल्याकडे एखाद्या महामंडळासाठी समाजाचा विश्वास गहाण टाकणाऱ्यांनी हा प्रसंग जरूर वाचावा. चार वर्षांनी, १९६८ च्या अधिवेशनात हेमर अधिकृत प्रतिनिधी म्हणून बसल्या.

दरम्यान मार्च १९६५ मध्ये अलाबामातील सेल्मा येथे मताधिकारासाठी निघालेल्या शांततामय मोर्चावर पोलिसांनी घोडे आणि लाठ्या चालवल्या. त्या रक्तातून ६ ऑगस्ट १९६५ चा मताधिकार कायदा जन्मला. परीक्षा बंद झाल्या. भेदभावाचा इतिहास असलेल्या राज्यांना निवडणुकीचा कोणताही नियम बदलण्यापूर्वी केंद्राची मंजुरी घेणे बंधनकारक झाले. मिसिसिपीत १९६४ साली पात्र कृष्णवर्णीयांपैकी फक्त ६.७ टक्के लोकांची नावे यादीत होती. १९६७ पर्यंत हे प्रमाण ६० टक्क्यांच्या जवळ गेले. तीन वर्षांत एवढे अंतर! मात्र कायदा एकटा माणसांना कचेरीपर्यंत घेऊन जात नाही. त्यासाठी आधी कोणीतरी माणसे तयार केलेली असावी लागतात.

ती तयारी सेप्टिमा क्लार्क या शिक्षिकेने केली होती. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचे सदस्यत्व सोडायला त्यांनी नकार दिला, म्हणून १९५६ साली त्यांची नोकरी गेली. साउथ कॅरोलायनात जॉन्स आयलंड नावाचे बेट आहे. तेथील इसॉ जेन्किन्स हे लोकांना कामासाठी शहरात नेणारी बस चालवत आणि जाता-येता उतारूंना राज्यघटनेचे कलम शिकवत. क्लार्क आणि जेन्किन्स यांनी जानेवारी १९५७ मध्ये तेथे प्रौढांची शाळा सुरू केली. पुढे किराणा दुकान आणि मागच्या खोलीत वर्ग, म्हणजे गोऱ्यांना संशय येऊ नये. शिकवायला नेमल्या बर्निस रॉबिन्सन. त्या शिक्षिका नव्हत्या, केस विंचरण्याचा व्यवसाय करत होत्या. क्लार्क यांनी त्यांनाच निवडले, कारण त्या अडाण्याला हिणवणार नाहीत याची खात्री होती. शिकणाऱ्यांना प्रथम स्वतःचे नाव लिहिता येऊ लागले, मग टपालाने माल मागवण्याचा फॉर्म, मग मतदार नोंदणीचा अर्ज. पुढे अशा ‘नागरिकत्व शाळा’ दक्षिणेत जागोजागी निघाल्या आणि त्यांतून मतदारांबरोबर कार्यकर्तेही घडले.

मतदार जागृती म्हणजे काय, याचे याहून चांगले उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. ‘मतदान करा’ असा फलक लावणे म्हणजे जागृती नव्हे. कोणता अर्ज, कोणती तारीख, कोणता पुरावा, कारकून नाही म्हणाला तर पुढे कोणाकडे जायचे, हे शेवटच्या माणसाला येईपर्यंत शिकवणे म्हणजे जागृती.

कोणी म्हणेल, हा झाला जुना इतिहास. तर मग २००० साल घ्या. त्या वर्षी फ्लोरिडा राज्यात जॉर्ज बुश ५३७ मतांनी पुढे राहिले आणि त्यावर राष्ट्राध्यक्ष झाले. तेथे निवडणूक घेणाऱ्या राज्य सचिव कॅथरीन हॅरिस याच बुश यांच्या राज्यातील प्रचाराच्या सहअध्यक्षा होत्या. शिक्षा झालेल्या गुन्हेगारांची नावे काढायच्या मोहिमेत केवळ नावाशी नाव जुळले म्हणून निरपराध लोकांची नावेही यादीवर आली. अमेरिकेच्या नागरी हक्क आयोगाने २००१ च्या अहवालात नोंदवले की, फ्लोरिडात कृष्णवर्णीयाची मतपत्रिका बाद होण्याची शक्यता इतरांच्या जवळजवळ दहा पट होती. फेरमोजणी सुरू होती, ती सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर २००० रोजी ५ विरुद्ध ४ मतांनी थांबवली. ५३७ मते म्हणजे आपल्या एका मतदान केंद्राएवढीसुद्धा नाहीत. त्या ५३७ मतांनी पुढच्या आठ वर्षांचे जगाचे राजकारण ठरवले.

२००८ साली बराक ओबामा निवडून आले. नॉर्थ कॅरोलायनासारखे राज्य त्यांनी १४,१७७ मतांनी जिंकले. २०१२ साली तर कृष्णवर्णीयांच्या मतदानाचे प्रमाण ६६ टक्क्यांच्या वर जाऊन गोऱ्यांनाही मागे टाकून गेले. हे ज्यांना खुपले, ते गप्प बसले नाहीत. २५ जून २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शेल्बी काउंटी खटल्यात, पुन्हा ५ विरुद्ध ४ मतांनी, पूर्वमंजुरीची तरतूद निष्प्रभ केली. आता परिस्थिती बदलली आहे, असे बहुमताचे म्हणणे पडले. न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी विरोधी निकालपत्रात म्हटले की, भिजत नाही म्हणून भर पावसात छत्री फेकून देण्यासारखे हे आहे. त्यांचे शब्द खरे ठरायला वेळ लागला नाही. त्याच दिवशी टेक्सासने ओळखपत्राचा कडक कायदा अमलात आणण्याची घोषणा केली. त्यात बंदुकीचा परवाना चालत होता, विद्यापीठाचे ओळखपत्र चालत नव्हते. नॉर्थ कॅरोलायनाच्या विधिमंडळाने कोणत्या वर्णाचे लोक कोणत्या पद्धतीने मतदान करतात याची आकडेवारी मागवली आणि कृष्णवर्णीय ज्या सोयी अधिक वापरतात नेमक्या त्यांवर कात्री चालवली. २०१६ साली अपील न्यायालयाने तो कायदा रद्द करताना या हेतूवर बोट ठेवले.

आता घरी बसणाऱ्यांविषयी. २०१६ मध्ये कृष्णवर्णीयांचे मतदान ६० टक्क्यांच्या खाली आले. त्यामागे नवे अडथळे होते, तशी ‘दोघेही सारखेच, मग कशाला रांगेत उभे राहायचे’ ही भावनाही होती. त्या वर्षी मिशिगन राज्य १०,७०४ मतांनी गेले. ‘दोघेही सारखेच’ हे वाक्य मला आपल्या वस्त्यांतही ऐकू येते. उमेदवार दोन्ही नालायक असू शकतात, हे मी मान्य करतो. पण न दिलेले मत कोणाचाच निषेध करत नाही. ते मोजलेच जात नाही. २०२४ साली अमेरिकेत साडेआठ कोटींहून अधिक पात्र नागरिकांनी मतदान केले नाही, आणि ही संख्या निवडून आलेल्या उमेदवाराच्या मतांपेक्षा मोठी होती.

शिवाय घरी बसण्याची आणखी एक शिक्षा असते. ओहायो राज्यात एका माजी नौसैनिकाने २००८ साली मतदान केले, २०१२ मध्ये कोणीच पसंत नाही म्हणून केले नाही, आणि २०१५ मध्ये केंद्रावर गेला तर यादीत नावच नाही. सलग काही निवडणुकांत मत दिले नाही आणि टपालाने आलेल्या कार्डाला उत्तर पाठवले नाही म्हणून ते काढले होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ही पद्धत कायदेशीर ठरवली. मत न वापरणाऱ्याचे मत हिरावले जाऊ शकते, हे आता त्या देशाचे न्यायालयीन सत्य आहे.

फ्लोरिडात त्याच २०१८ साली जनतेने सुमारे ६५ टक्के कौल देऊन शिक्षा भोगून सुटलेल्या सुमारे १४ लाख लोकांना मताधिकार परत दिला. खून आणि लैंगिक गुन्ह्यांचे दोषी तेवढे वगळले होते. पुढच्याच वर्षी विधिमंडळाने अट घातली, आधी न्यायालयाचे सर्व दंड आणि शुल्क भरा. १८९० चा कर नव्या पावतीवर परत आला तो असा. याउलट जॉर्जिया राज्यात स्टेसी अब्राम्स आणि अनेक स्थानिक संघटनांनी वर्षानुवर्षे दारोदार जाऊन नावे नोंदवली. २०२० मध्ये ते राज्य ११,७७९ मतांनी जो बायडेन यांच्याकडे गेले. जानेवारी २०२१ मध्ये ट्रम्प यांनी तेथील राज्य सचिवांना फोन करून ११,७८० मते शोधायला सांगितली. सत्तेवरच्या माणसाला एकेका मताची किंमत किती अचूक ठाऊक असते, हे यावरून कळते. सचिव ट्रम्प यांच्याच पक्षाचे होते, तरी त्यांनी नकार दिला. आणि २०२१ मध्ये त्याच राज्याने कायदा करून मतदान केंद्राजवळ रांगेत उभ्या असलेल्यांना पाणी वाटणे गुन्हा ठरवले. पाण्याची बंदी काय असते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

हे सगळे वाचताना बाबासाहेबांची दूरदृष्टी अधिक ठसठशीत दिसते. १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे त्यांनी अस्पृश्यांच्या मताधिकाराचा प्रश्न मांडला आणि १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकार मागितला. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या लढ्याकडे त्यांचे लक्ष होते. संयुक्त राष्ट्रसंघाकडे गेलेल्या कृष्णवर्णीयांच्या अर्जाची प्रत मिळावी म्हणून १९४६ साली त्यांनी डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिले होते. पुढे आपल्या संविधानाच्या कलम ३२६ ने शिक्षणाची, मालमत्तेची, कराची कोणतीही अट न घालता प्रत्येक प्रौढाला मत दिले. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत निरक्षर मतदारासाठी निवडणूक चिन्हे आणली गेली. मिसिसिपीत निरक्षरता हे मत नाकारण्याचे हत्यार होते. आपल्याकडे ती मताच्या आड येऊ दिली गेली नाही. जो हक्क तेथे प्रत्यक्षात यायला १९६५ उजाडले, तो आपल्याला २६ जानेवारी १९५० ला मिळाला. कदाचित म्हणूनच आपल्याला त्याची किंमत कळत नाही.

अमेरिकेत स्थायिक होऊन नागरिक झालेले आपले अनेक बांधव आहेत. त्यांनाही दोन शब्द सांगावेसे वाटतात. तेथील मतपत्रिकेवर राष्ट्राध्यक्षाबरोबरच शाळा मंडळ, सरकारी वकील आणि पुष्कळ राज्यांत न्यायाधीशसुद्धा असतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटलच्या नगर परिषदेने जातीय भेदभावाला बंदी घातली. ती नगर परिषद मतांनी निवडलेली होती. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने संमत केलेले तसे विधेयक ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी परत पाठवले. आपल्याकडचा राज्यपाल नेमलेला असतो, तिथला मतांनी निवडला जातो. हिशेब विचारायची जागा कोणती, हे उघड आहे.

आणि आपण जे येथे आहोत, त्यांनी त्या निकालाची रात्र जागवण्याऐवजी एक संध्याकाळ आपल्या वस्तीची मतदार यादी घेऊन बसावे. कोणाचे नाव गेले, कोणाचे चुकले, कोण अठरा वर्षांचा झाला, कोण भाड्याची खोली बदलून गेला, हे घराघरांत विचारावे आणि अर्ज भरून द्यावेत. जॉन्स आयलंडच्या दुकानामागे यापेक्षा वेगळे काही चालले नव्हते.